डोळ्याचा हिशेब वेगळा ठेवा: कर्करोग रुग्णालयांच्या विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
कर्करोग रुग्णालयांतील रेडिओलॉजी, न्यूक्लिअर मेडिसिन, किरणोपचार, मेडिकल ऑन्कॉलॉजी आणि नेत्रविभाग यांचे प्रमुख

विषय: तपासण्यांतल्या किरणांचा रुग्णाच्या डोळ्यांवर होणारा परिणाम आणि त्याची सहसा न होणारी नोंद

स. न. वि. वि.

डोक्याच्या कोणत्याही सीटी स्कॅनच्या खालच्या स्लाइस उघडून बघा. डोळ्याच्या करड्या गोलात पुढच्या बाजूला एक पांढरट, दोन्ही अंगांनी फुगीर ठिपका दिसतो. जाडी साधारण ४ मिलिमीटर, रुंदी ९ ते १० मिलिमीटर. हे नेत्रभिंग. ते चित्रात उमटले म्हणजे एक्स-रेची मुख्य शलाका त्यातून आरपार गेली. आणि ‘मेंदूत आजार पसरला आहे का’ एवढाच प्रश्न असेल, तर या स्लाइसची बहुतेक वेळा गरज नसते.

एका स्कॅनने कोणाची नजर जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची तक्रार वेगळी आहे. रेडिओलॉजी आपले स्कॅन मोजते, किरणोपचार विभाग आपले ग्रे (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचे माप) मोजतो, मेडिकल ऑन्कॉलॉजी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून देते आणि नेत्रविभागाकडे रुग्ण पोहोचतो तो वाचता येईनासे झाल्यावर. चौघांच्या चार वह्या. भिंग मात्र तेच, आणि सगळ्याचा भार त्याच्यावर साचत जातो.

साचतो तो कसा? भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. त्यातल्या कडेच्या पट्ट्यातल्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात आणि लांबट होऊन भिंगाचे पारदर्शक तंतू बनतात. किरणांनी बिघडलेल्या पेशींना हे नीट जमत नाही. त्या अर्धवट घडलेल्या अवस्थेत मागे सरकत जातात आणि मागच्या आवरणाला लागून मधोमध गोळा होतात. त्वचेवरची मेलेली पेशी गळून पडते, आतड्यातली वाहून जाते. भिंग बंद पिशवीत असते, त्याला रक्तवाहिन्याही नसतात, त्यामुळे तिथला गाळ तिथेच राहतो. हाच पोस्टिरिअर सबकॅप्सुलर मोतीबिंदू. डोस जितका कमी, तितका तो उशिरा दिसतो आणि तपासणीतल्या डोसच्या पातळीवर मध्ये कित्येक वर्षे जातात. स्कॅन आणि मोतीबिंदू यांचा संबंध कोणी जोडत नाही, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण आकड्यात आहे, आणि ते तुमच्या रोजच्या कामातले आहे. रुग्णाने विचारले की डोक्याच्या सीटीला आपण ‘साधारण २ मिलिसिव्हर्ट’ असे उत्तर देतो. हा परिणामी डोस झाला. वेगवेगळ्या अवयवांना मिळालेल्या डोसना त्यांच्या कर्करोगाच्या जोखमीप्रमाणे वजन देऊन केलेली ती बेरीज आहे. त्या वजनांच्या तक्त्यात मेंदू आहे, लाळग्रंथी आहेत, त्वचा आहे, नेत्रभिंग नाही. भिंगाला कर्करोग होत नाही, म्हणून त्याला वजनही नाही. त्यामुळे २ मिलिसिव्हर्टच्या त्याच स्कॅनमध्ये, शलाकेत आलेल्या भिंगाला ४० ते ५० मिलिग्रे मिळालेले असतात आणि रिपोर्टवर त्याचा मागमूस नसतो. डोळ्याबद्दल विचारणाऱ्याला मिलिसिव्हर्ट सांगणे म्हणजे वजन विचारणाऱ्याला उंची सांगणे.

एप्रिल २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, भिंगासाठी ०.५ ग्रे हा उंबरठा धरावा असे जाहीर केले. त्याआधी तो कित्येक पटींनी वर मानला जात होता. उंबरठ्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा: इतका डोस मिळालेल्या लोकांपैकी सुमारे १ टक्का लोकांत, २० वर्षांहून अधिक काळाने, नजरेला अडथळा आणणारा मोतीबिंदू दिसेल अशी ती पातळी आहे. ओलांडताच दिवा विझावा अशी ती रेषा नाही. त्याच निवेदनात किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी भिंगाची वार्षिक मर्यादा १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणली गेली: ५ वर्षांची सरासरी २०, आणि कोणत्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही. हा २० चा आकडा रुग्णाच्या स्कॅनला लावून घाबरणारे आणि घाबरवणारे दोघेही भेटतात. तो कर्मचाऱ्यांचा आहे. रुग्णाच्या तपासणीला डोसमर्यादा नसते. तिथे एवढेच विचारायचे की तपासणी हवी आहे का, आणि हवी असेल तर कमीत कमी किती किरणांत भागेल.

आता एक सरळ गणित. मेंदूतल्या आजारावर लक्ष ठेवायला ३ वर्षे, दर ३ महिन्यांनी सीटी. एकूण १२ वेळा. प्रत्येक वेळी आधी साधा आणि मग काँट्रास्ट (शिरेतून औषध देऊन), म्हणजे २ फेऱ्या. भिंग शलाकेत, प्रत्येक फेरीला ४५ मिलिग्रे धरा. १२ गुणिले २ गुणिले ४५ म्हणजे १,०८० मिलिग्रे, १ ग्रेच्या वर. आयसीआरपीच्या उंबरठ्याच्या दुप्पट. फक्त काँट्रास्टची फेरी केली तर ५४०. आणि तीच एक फेरी भिंग शलाकेबाहेर ठेवून केली, तर भिंगापर्यंत केवळ विखुरलेली किरणे पोहोचतात. ती ५ मिलिग्रेच्या आसपास धरली तर ३ वर्षांची बेरीज ६० मिलिग्रे. रुग्ण तोच, यंत्र तेच, प्रश्नही तोच. १,०८० आणि ६० यांच्यातला फरक केवळ प्रोटोकॉलचा आहे.

म्हणून रेडिओलॉजीच्या सहकाऱ्यांशी आधी बोलतो, कारण हातात सर्वांत जास्त त्यांच्याच आहे.

बाजूने घेतलेल्या स्काउटवर, म्हणजे स्कॅनआधीच्या आखणीच्या चित्रावर, एक रेघ कल्पा: भुवईच्या हाडापासून कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राच्या मागच्या कडेपर्यंत. स्लाइस या रेघेला समांतर घेतल्या तर मेंदू पूर्ण येतो आणि डोळे खाली, बाहेर राहतात. डोळ्याचा कोपरा आणि कान यांना जोडणाऱ्या जुन्या सवयीच्या रेघेवर स्कॅन केला की भिंग हमखास आत येते. गँट्री (यंत्राचे गोल कडे) टिल्ट होत, म्हणजे झुकत असेल तर स्कॅन सिक्वेन्शियल पद्धतीने (टेबल थांबवून टप्प्याटप्प्याने), टिल्ट देऊन घ्यावा. अनेक नव्या यंत्रांची गँट्री टिल्ट होत नाही, किंवा हेलिकल पद्धतीत (टेबल सरकत असताना सलग) टिल्ट चालत नाही. तिथे डोकेच वळवायचे: हेड होल्डरमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूखाली फोमची पाचर, हनुवटी छातीकडे, कपाळावर पट्टा. पाचर मानेखाली सरकली तर नेमके उलट होते, हनुवटी वर जाते आणि डोळे थेट शलाकेत येतात. घाईच्या वेळी ही चूक सारखी होते आणि स्काउटवर एका नजरेत पकडता येते. फक्त तेव्हा पुन्हा आत जाऊन पाचर नीट करण्याची तयारी हवी.

हेलिकलमध्ये आणखी एक गोम आहे. चित्र बनवायला यंत्राला आखलेल्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना थोडे जास्त फिरावे लागते. डिटेक्टर जितका रुंद, तितका हा जादा भाग मोठा. त्यामुळे स्क्रीनवरची चौकट डोळ्याच्या वर थांबलेली दिसते आणि किरणे मात्र डोळ्यावर पडून गेलेली असतात. चित्रात भिंग नाही म्हणून कोणाला कळतही नाही. टोकांची शलाका आपोआप झाकणारी सोय यंत्रात असेल तर ती या प्रोटोकॉलमध्ये चालू आहे ना, हे बघून घ्या. नसेल तर डोक्यासाठी सिक्वेन्शियल स्कॅन बरा.

हे करताना एक पथ्य. कर्करोगाचा रुग्ण आहे. मानेच्या मणक्यात आजार पसरलेला असू शकतो. विनंती फॉर्मवर तसा उल्लेख असेल, मानेत नवे दुखणे असेल, हातापायांत कमजोरी असेल, तर हनुवटी दाबायची नाही. भिंगाला ४० मिलिग्रे मिळालेले परवडतील, मज्जारज्जू दाबला गेलेला परवडणार नाही. तसेच दुहेरी दिसणे, पापणी पडणे, चेहरा बधिर होणे, नाकामागची, डोळ्याच्या खोबणीतली किंवा कवटीच्या तळाची गाठ असे काही असेल तर त्या जागा दिसल्याच पाहिजेत. तिथे भिंग शलाकेत येऊ द्या, फक्त नोंद करा.

फेऱ्यांबद्दल: ‘साधा आणि काँट्रास्ट’ ही जोडी पुष्कळ ठिकाणी केवळ सवयीने चालते. रक्तस्रावाची शंका असेल किंवा अचानक शुद्ध हरपली असेल तर साधा स्कॅन आधी लागतोच. ठरल्या वेळच्या फेरतपासणीत काँट्रास्टची एक फेरी बहुधा पुरते. आणि एमआरआय मिळत असेल, रुग्णाला चालत असेल, तर मेंदूतला पसरलेला आजार बघायला तो सीटीपेक्षा सरसही आहे आणि त्यात एक्स-रे नाहीत. एमआरआयला पाठवताना डोळ्याबाबत एक वेगळा प्रश्न मात्र न चुकता विचारायचा: डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथवर काम करणाऱ्यांना तर नक्कीच. लोखंडाचा कण चुंबकाने हलला तर डोळा आतून फाटतो. शंका असेल तर आधी खोबणीचा साधा एक्स-रे. त्याचा डोस या धोक्यापुढे किरकोळ आहे. काजळ आणि मस्कारा पुसून यायला सांगा. काहींच्या रंगात धातूचे कण असतात, ते तापतात आणि चित्रही बिघडवतात.

डोळ्यांवर ठेवायच्या बिस्मथच्या पट्ट्यांबद्दल आमचे मत थोडे अप्रिय आहे. ठेवल्याचे समाधान मोठे, फायदा बेभरवशाचा. स्काउटच्या आधी पट्टी ठेवली तर करंट (एक्स-रे किती निघतील ते ठरवणारा विद्युतप्रवाह) आपोआप ठरवणारी यंत्रणा ती ‘बघते’ आणि तिथला करंट वाढवते. जे वाचवायचे तेच निसटते. पट्टीखालच्या भागात आडवे पट्टे उमटतात, खोबणीतले आणि कपाळामागच्या मेंदूतले सीटीने मोजलेले घनतेचे आकडे बदलतात. मागून येणारी किरणे, जी चित्राला उपयोगी असतात, तीही पट्टी भिंगातून गेल्यावर शोषून घेते, म्हणजे तेवढा डोस वाया. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने, एएपीएमने, २०१२ मध्येच या पट्ट्यांऐवजी इतर उपाय विचारात घ्या असे म्हटले. एक्स-रे सोडणारी ट्यूब चेहऱ्यासमोरून जाताना करंट उतरवणारी सोय पुष्कळ यंत्रांत असते. ती वापरा. भिंग शलाकेबाहेर ठेवता येत असेल तर तिचीही गरज उरत नाही.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्यांना खर्च नाही. समोरून घ्यायचा स्काउट ट्यूब टेबलाखाली ठेवून घ्या, डोळ्यांना त्याचा कमी भाग मिळतो. टेबलाची उंची नीट साधा. डोके केंद्रापासून ट्यूबकडे सरकले असेल तर स्काउटमध्ये ते मोठे दिसते आणि यंत्र मोठे डोके समजून जास्त करंट देते. इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (चित्रातला खरखरीतपणा गणिताने कमी करणारे सॉफ्टवेअर) बसवले आहे म्हणून डोस उतरत नाही. प्रोटोकॉलमधला करंट कोणीतरी प्रत्यक्ष खाली आणावा लागतो. नवे सॉफ्टवेअर आले, चित्रे गुळगुळीत झाली आणि एमएएस (करंट गुणिले वेळ) जुनाच राहिला, असे सर्रास दिसते.

डोस पानावरचा सीटीडीआय व्हॉल (यंत्राने दाखवलेले डोसचे माप) वाचताना फँटम (ते माप ज्यावर बेतले तो प्लास्टिकचा नमुना) कोणता आहे ते बघा. डोक्यासाठी १६ सेंटिमीटरचा, धडासाठी ३२ चा. मानेचा स्कॅन बहुधा ३२ वर नोंदला जातो. डोके त्याच टप्प्यात आले तर पानावरच्या २० मिलिग्रेचा अर्थ डोक्यापुरता ४० च्या आसपास होतो. लहान मुलाचे डोके धडाच्या प्रोटोकॉलवर स्कॅन झाले की ही गफलत आणखी महागात पडते.

आणि पडद्यावरचा आकडा स्कॅन सुरू करण्याआधी वाचण्याची शिस्त. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयात मेंदूच्या परफ्यूजन (रक्तप्रवाह बघणाऱ्या) सीटीत २०६ रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे ८ पट डोस गेल्याचे उघड झाले. डोक्याला जास्तीत जास्त ०.५ ग्रे मिळायचे, तिथे ३ ते ४ ग्रे मिळाले. हे १८ महिने चालले होते आणि लक्षात आले ते डोक्यावरचे केस पट्ट्याने गळाल्याची तक्रार आल्यावर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सगळ्या रुग्णालयांना कन्सोलवरचा डोस प्रत्येक वेळी तपासायला सांगितले. परफ्यूजनमध्ये एकाच पातळीवर पुन्हा पुन्हा किरणे पडतात. ती पातळी भिंगावरून जाणार नाही, हे बघणे टाळता येण्यासारखे नाही.

छाती, पोट, कंबर यांच्या सीटीत डोळा शलाकेपासून दूर असतो. भिंगाला पोहोचते ते १ मिलिग्रेपेक्षा कमी. मॅमोग्राफी आणि छातीचा एक्स-रे तर मोजायचीही गरज नाही. हे रुग्णाला ठामपणे सांगा, कारण त्याची भीती सगळ्या तपासण्यांवर सारखीच पसरलेली असते. पेट सीटीचा टप्पा बहुतेक कर्करोगांत कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत पुरतो. डोके आत घ्यायचे ते मेलॅनोमासारख्या (रंगपेशींच्या कर्करोगासारख्या) आजारात, किंवा तसा प्रश्न असेल तेव्हा. कमी डोसच्या सीटीत भिंगाला काही मिलिग्रेच जातात. चुकते ते वेगळ्या ठिकाणी: पेट सीटीत डोके घेतलेले असते आणि त्याच आठवड्यात डोक्याचा वेगळा काँट्रास्ट सीटीही होतो, कारण दोन्ही विनंत्या वेगवेगळ्या टेबलांवरून निघालेल्या असतात.

किरणोपचाराच्या सहकाऱ्यांना तपासणीतले मिलिग्रे क्षुल्लक वाटणे साहजिक आहे. दृष्टिपटलाला इजा होते ती ४५ ते ५० ग्रेच्या पुढे, डोळ्याच्या नसेची आणि दोन्ही नसा जिथे एकत्र येतात त्या जोडाची हद्द साधारण ५४ ग्रेला धरतात. एका सीटीतल्या ५० मिलिग्रेच्या हे हजार पट आहे. कोणत्याही तपासणीच्या सीटीने पडदा किंवा नस खराब होत नाही. भिंगाची गोष्ट मात्र निराळी. उपचाराच्या प्लॅनमध्ये त्याची कमाल मर्यादा बहुधा ७ ग्रे, फार तर १० ठेवतात, आणि त्यातले काही रोजच्या कोन बीम सीटीनेही (उपचाराआधी जागा जुळवायला घेतलेल्या) खर्च होते. यंत्र आणि सेटिंग यांप्रमाणे डोक्याच्या एका कोन बीममध्ये भिंगाला १-२ मिलिग्रेपासून दहाच्या काही पट मिलिग्रेपर्यंत मिळू शकतात. ३० दिवस रोज, म्हणजे गुणाकार तुम्हीच करा. २०१८ च्या एएपीएमच्या १८० क्रमांकाच्या कार्यगटाने, इमेजिंगचा डोस उपचाराच्या डोसच्या ५ टक्क्यांपुढे जाणार असेल तर तो हिशेबात धरा, असे सांगितले. भिंगासाठी हा नियम ढिला पडतो असे आम्हाला वाटते. ६० ग्रेचे ५ टक्के म्हणजे ३ ग्रे. ७ ग्रेच्या हद्दीतून ३ गेले तर मागे काय उरले? डोक्यासाठी सुमारे २०० अंशांची अर्धफेरी वापरा आणि ट्यूब डोक्याच्या मागून फिरेल अशी दिशा निवडा. हाडांवर जुळवायचे असेल तर कमी डोसचे सेटिंग पुरते.

प्लॅनिंगच्या सीटीत कंजुषी नको. तिथे डोळे पूर्ण आलेच पाहिजेत, कारण न दिसलेले भिंग आखता येत नाही. ३ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये भिंग जेमतेम तीन-चार स्लाइसवर येते. एक चुकली तर पाव भिंग गायब. पातळ स्लाइस घ्या. रुग्णाला प्लॅनिंगच्या वेळी आणि रोजच्या उपचारात डोळे मिटून, नजर सरळ ठेवायला सांगा. बुबुळ वर फिरले की भिंगही काही मिलिमीटर सरकते. पूर्ण मेंदूच्या उपचारात दोन्ही बाजूंची किरणांची फील्ड किंचित मागे झुकवली, ३ ते ५ अंश, तर पसरणारी शलाका पलीकडच्या भिंगात शिरत नाही. हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या अहवालात भिंगाचा कमाल डोस लिहिला जात नाही, एवढेच खटकते. नेत्रतज्ज्ञाला पाच वर्षांनी तोच एक आकडा हवा असतो.

आता स्टिरॉइड. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन, लिम्फोमात प्रेडनिसोलोन, प्रत्यारोपणानंतर महिनोन्‌महिने तेच. स्टिरॉइडने होणारा मोतीबिंदू नेमका त्याच जागी होतो, मागच्या आवरणाला लागून, मधोमध. स्लिट लॅम्पखाली (डोळा बघायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) तो किरणांचा की गोळ्यांचा, हे ओळखता येत नाही. हिशेब नसेल तर मग सगळा दोष स्कॅनवर जातो किंवा सगळा वयावर. त्याहून गंभीर म्हणजे डोळ्याचा दाब. स्टिरॉइडने तो काही आठवड्यांत वाढू शकतो, दुखत नाही आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू काढता येतो, हे नाही. कोणी भिंगाच्या डोसची काळजी करत असेल आणि त्याच रुग्णाचा दाब चार महिन्यांत एकदाही मोजलेला नसेल, तर काळजीचा क्रम चुकला आहे. गोळ्या लांबणार असतील तर सुरुवातीला एकदा आणि मग ४ ते ६ आठवड्यांनी दाब मोजावा.

औषधांचे इतरही आहे आणि तेही किरणांच्या माथी मारले जाते. डोसेटॅक्सेलने अश्रू वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या आकसतात आणि डोळे सतत पाणावतात. लवकर कळले तर सिलिकॉनची नळी घालून मार्ग वाचवता येतो, उशीर झाला की बंद पडतो. थायरॉइडच्या कर्करोगात जास्त प्रमाणात रेडिओआयोडिन घेतलेल्यांनाही काही महिन्यांनी असेच होऊ शकते, कारण अश्रुमार्गाचे अस्तर आयोडिन ओढून घेते. टॅमोक्सिफेनने दृष्टिपटलावर स्फटिकासारखे ठिपके येऊ शकतात. जास्त डोसच्या सायटाराबिनने बुबुळाचा पृष्ठभाग सोलवटतो, म्हणून त्याबरोबर स्टिरॉइडचे थेंब देतात. चेकपॉइंट औषधांनी (प्रतिकारशक्तीवरचा लगाम काढणाऱ्या) डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. बेलँटामॅब मॅफोडोटिनसारख्या (मायलोमावरच्या) औषधात तर डोळे तपासल्याशिवाय पुढचा डोस देऊच नये.

नेत्रविभागाला विनंती अशी. पूर्ण शरीराचा किंवा डोक्याचा किरणोपचार, प्रत्यारोपण, दीर्घ स्टिरॉइड यांपैकी काहीही ठरले की सुरुवातीआधीची एक तपासणी द्या. त्यानंतर वर्षातून एकदा, आणि मुलांमध्ये मोठेपणीही. तपासणी अंधाऱ्या खोलीतल्या तक्त्यावर संपवू नका. या मोतीबिंदूचा ठिपका नेमका मधोमध असतो. अंधारात बाहुली मोठी होते, प्रकाश ठिपक्याच्या कडेने आत जातो आणि रुग्ण ६/६ वाचून दाखवतो. तोच माणूस उन्हात गेला की बाहुली २ मिलिमीटरवर येते आणि ठिपका सगळी खिडकी झाकतो. वाचतानाही बाहुली आकसते, म्हणून जवळचे आधी जाते. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात. ‘नजर चांगली आहे’ असा शेरा मिळालेला आणि तरी दुपारी रस्ता ओलांडता न येणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. खोलीतले दिवे लावून, बाजूने टॉर्च धरून तोच तक्ता वाचायला सांगा. दोन-तीन ओळींचा फरक पडला तर उत्तर मिळाले. मग बाहुली मोठी करून, मागून परतणाऱ्या लालसर प्रकाशात भिंग बघा आणि ठिपक्याचा आकार लिहा. ‘लवकरचा मोतीबिंदू’ एवढ्या शब्दांवरून पुढच्या वर्षी तुलना होत नाही. स्लिट लॅम्प, पडद्याचा फोटो, ओसीटी (प्रकाशाने घेतलेले पडद्याचे छेदचित्र), डोळ्याची सोनोग्राफी यांत एक्स-रे नाहीत, हेही रुग्णाला सांगा. ‘पुन्हा स्कॅन’ हा शब्द ऐकूनच काही जण मागे फिरतात.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांचे आकडे ऑन्कॉलॉजीकडून घेऊन दोन केमोंच्या मधली जागा ठरवा. पांढऱ्या पेशी तळाला असताना डोळा उघडणे टाळावे. खोबणीला मोठा डोस मिळालेला असेल तर भिंग बदलण्याआधी पडदा आणि नस नीट तपासा, नाहीतर शस्त्रक्रिया उत्तम होते आणि नजर होती तिथेच राहते.

मुलांबाबत थोडक्यात पण ठामपणे. त्यांच्यापुढे आयुष्य पडलेले असते, म्हणून २० वर्षांनी येणारा मोतीबिंदूही त्यांच्या वाट्याला येतोच. रेटिनोब्लास्टोमाच्या (लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाच्या) शंकेत सीटी नकोच. सोनोग्राफी आणि एमआरआय यांवर काम होते. आरबी१ जनुकाचा दोष जन्मजात असेल तर किरणांमुळे पुढे दुसऱ्या कर्करोगाची जोखीम वाढते, तिथे प्रश्न भिंगापुरताही राहत नाही.

याच्या उलट, ज्या रुग्णाचा आजार फार पुढे गेला आहे आणि ज्याला आज उलट्या आणि डोकेदुखीचे कारण हवे आहे, त्याच्यासाठी भिंगाचा हिशेब करत बसू नका. स्कॅन करा, लगेच करा.

आम्ही मागतो तो कागद अर्ध्या पानाचा आहे आणि तो रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानामागे राहावा. स्कॅनची तारीख, भिंग शलाकेत होते, अंशतः होते की नव्हते, किती फेऱ्या, सीटीडीआय व्हॉल आणि फँटम १६ की ३२. किरणोपचाराच्या ओळीत दोन्ही भिंगांचे कमाल डोस वेगवेगळे. स्टिरॉइड कधीपासून, किती. डोळ्याचा दाब आणि भिंगाचा शेरा, तारखेसह. भरायला प्रत्येक विभागाला एक मिनिटही लागत नाही. अट एवढीच की ‘भिंग शलाकेत होते का’ हे तंत्रज्ञाने स्कॅन संपताच लिहावे. नंतर कोणी स्लाइस उघडून बघत नाही.

आणि हा कागद छापून येईपर्यंत एक काम करता येईल. तुमच्या संग्रहातले डोक्याचे शेवटचे २० सीटी काढा. प्रत्येकात तो पांढरट ठिपका दिसतो का ते बघा. जिथे दिसतो तिथे विनंती फॉर्म वाचा: खोबणी, नाकामागचा भाग किंवा कवटीचा तळ बघायला सांगितला होता का? ज्यांत सांगितले नव्हते त्यांची संख्या एका चिठ्ठीवर लिहून सीटीच्या कन्सोलला चिकटवा, आणि तीन महिन्यांनी पुढचे २० काढा.

आपले,
रेडिओलॉजी, वैद्यकीय भौतिकी, किरणोपचार आणि नेत्रचिकित्सा या क्षेत्रांतील सहकारी